म्हातारपण कुणाच्या रक्तात असते?

तुर्भ्याच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही विज्ञान शिकवतो. आठवीच्या वर्गात एकदा रक्ताचा पाठ चालला होता. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग ती प्लीहेत आणि यकृतात मोडली जाते. तिच्यातले लोह शरीर वाया जाऊ देत नाही, ते नव्या पेशीच्या कामी येते. हाडांच्या पोकळीतली मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार करते. एवढे आम्ही फळ्यावर मांडले आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, चार महिने में पूरा खून नया हो जाता है, तो आदमी बूढा काहे को होता है?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. "ते पुढच्या इयत्तेत आहे," असे सांगून वेळ मारून नेली. शिक्षकाच्या आयुष्यात असे लबाडीचे क्षण येतात आणि घंटा झाली की आपण ते विसरतो. हा क्षण मात्र विसरता आला नाही, कारण त्या मुलाचे वडील आम्ही पालकसभेत पाहिले होते. पंचेचाळिशीचा माणूस, पण शेजारच्या बाईंनी त्यांना मुलाचे आजोबा समजून नमस्कार केला होता. मुलगा तेव्हा खाली मान घालून उभा होता. त्याचा प्रश्न पुस्तकातला नव्हता, घरातला होता.

आमचे तुर्भे हे वेळेआधी म्हातारे होणाऱ्यांचे गाव आहे. पहाटे तीनला घाऊक बाजारात ट्रक लागतात आणि माणसे पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चढउतार करू लागतात. एका बाजूला पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींची खपली, दुसऱ्या बाजूला औद्योगिक पट्ट्यातले कारखाने. दाखल्याच्या वेळी पालकांना वय विचारले तर 'लिखो अंदाज से' असे उत्तर येते. जन्मतारीख बहुतेकांची १ जून. ज्यांना आपण कधी जन्मलो हे नीट ठाऊक नाही, त्यांना आपण कधी म्हातारे झालो हे मात्र दुसरेच कुणीतरी सांगते.

आमच्या अब्बांनाही दुसऱ्यानेच सांगितले. मराठवाड्यातून आलेला माणूस. तीस वर्षे एका व्यापाऱ्याच्या वखारीत गोण्या वाहिल्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि नोंदणी झालेल्या हमालांना भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क मिळाले. अब्बा मात्र नोंदणीच्या टोळीत कधी शिरलेच नाहीत, कायम बदलीवर राहिले. छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी मुकादम म्हणाला, "चाचा, अब तुमसे नहीं होगा." अब्बा घरी आले. आणि आम्ही, शिकलेसवरलेले, बी.एड. झालेले, काय म्हणालो? "अब्बा, अब आराम करो. हम हैं ना."

मुकादमाच्या वाक्यात आणि आमच्या वाक्यात फरक होता असे आम्हाला फार दिवस वाटत होते. त्याच्या तोंडी हिशेब होता, आमच्या तोंडी अदब होती. पण खिडकीपाशी टाकलेल्या खाटेवर बसून अब्बांनी दोन्ही वाक्ये एकच ऐकली असावीत. वर्षभरात ते खंगले. तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. गोळ्या चालू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत आकडा वर आला. माणूस वर आला नाही.

मग त्या मुलाचा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारू लागलो. म्हातारपण असते कुठे? रक्तात, हाडात, की आजूबाजूच्यांच्या बोलण्यात?

शोधू लागलो तेव्हा पहिला पत्ता अगदी जवळचा सापडला. तुर्भ्याहून लोकलने दोन स्टेशने गेले की वाशी येते. तिथे भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेचे मुख्यालय आहे. १९७३ साली ही संघटना उभी करण्यात डॉ. कमल रणदिवे अग्रभागी होत्या. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या बाईंनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्या तपासल्या. त्यांचा प्रश्न स्तनाच्या कर्करोगाचा होता: त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, संप्रेरकांचा किती, विषाणूचा किती? १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या संस्थेचे संशोधन २००२ पासून आमच्या नवी मुंबईतच, खारघरला चालते. या कामातून आम्ही शिक्षकाने घ्यायचा धडा सरळ आहे. 'रक्तातच आहे' असे म्हणून विषय संपवायचा नाही. रक्तात किती आणि परिस्थितीत किती, हे वेगवेगळे करून मोजायचे.

रक्ताच्या म्हातारपणाबद्दल हाच प्रश्न ज्यांनी थेट विचारला, ते लोक मात्र फार दूरचे आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे १९२९ साली उंदरांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९३७ साली एलिझाबेथ रसेल ही तरुण शास्त्रज्ञ नवऱ्याबरोबर तिथे आली. नवऱ्याला तिथे नोकरी होती म्हणून बायकोला पगारी जागा नाही, असा तेव्हाचा न्याय. तिने कित्येक वर्षे बिनपगारी काम केले. पुढे नवऱ्यापासून वेगळे झाल्यावर चार मुले वाढवत संशोधन चालू ठेवले. ऑक्टोबर १९४७ मध्ये वणव्यात ती प्रयोगशाळा जळाली आणि जवळपास सगळे उंदीर गेले. तेव्हा ज्या ज्या प्रयोगशाळांना पूर्वी इथून उंदरांच्या जोड्या दिल्या होत्या, त्यांनी त्यांचे वंशज परत पाठवले. ते वंश पुन्हा उभे करण्यात रसेलबाईंचा मोठा हात होता. जे स्वतःपाशी ठेवले होते ते जळाले, जे वाटले होते ते उरले. अमानत म्हणजे काय, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आमच्याकडे नाही.

रसेलबाईंच्या उंदरांत एक वंश असा होता की पिल्लू जन्मतःच रक्तक्षयाचे. अंगावरचे केस पांढरे, डोळे काळे आणि रक्तात लाल पेशी कमी. एका जनुकातल्या दोषामुळे मज्जेतल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या पेशी, आपले काम धड करू शकत नसत. १९५०च्या दशकात रसेलबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की निरोगी उंदराची मज्जा अशा उंदराला टोचली तर ती रुजते आणि रक्तक्षय बरा होतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमीन चांगली होती, बियाणे खराब होते.

त्याच प्रयोगशाळेत डेव्हिड हॅरिसन यांनी मग दुसऱ्या टोकाचा प्रश्न घेतला. बियाणे म्हातारे असेल तर? १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले होते की माणसाच्या शरीरातून काढून काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्यामुळे पुष्कळांना वाटू लागले होते की म्हातारपण प्रत्येक पेशीच्या आतच किल्ली भरून ठेवलेले आहे. हॅरिसन यांनी म्हाताऱ्या उंदरांची मज्जा घेतली आणि ती रक्तक्षयाच्या तरुण उंदरांना दिली. रक्त कुणाच्या मज्जेचे आहे, हे हिमोग्लोबिनच्या प्रकारावरून ओळखता येत होते. म्हातारी मज्जा रुजली. तरुण शरीराला लागेल तेवढे रक्त तिने पुरवले. ते उंदीर म्हातारे झाले तेव्हा तीच मज्जा पुढच्या तरुण उंदरांना देण्यात आली. १९७२ साली त्यांनी लिहिले की ही मज्जा मूळ धन्याच्या आयुष्यापलीकडे २१ महिने नीट काम करत होती. १९७३ साली हा हिशेब ७३ महिन्यांवर गेला. प्रयोगशाळेतला उंदीर जगतो फार तर अडीच-तीन वर्षे. म्हणजे ज्या मज्जेला धन्याबरोबर मरायचे होते, तिने दोन उंदरांच्या आयुष्याएवढे रक्त बनवले.

आम्ही हे वाचले त्या रात्री अब्बांच्या खाटेकडे किती तरी वेळ पाहत राहिलो.

पण शिक्षकाने अर्धे सांगून थांबू नये. मज्जा अमर आहे असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. वारंवार एका शरीरातून दुसऱ्यात नेली तर तिची ताकद घटते, हे हॅरिसन आणि इतरांनीही पुढे पाहिले. वयानुसार मूलपेशींतही बदल होतात, आणि त्या कोणत्या प्रकारच्या पेशी किती बनवतात तेही बदलते. २०१४ साली माणसांवरच्या मोठ्या पाहण्यांतून दिसले की सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून अधिक जणांच्या रक्तात, जनुकीय बदल झालेल्या एकाच मूलपेशीची संतती पसरलेली असते आणि त्यातून रोगांचा धोका वाढतो. म्हणजे बियाणेही झिजते. प्रयोगाने सांगितले ते एवढेच, पण तेवढे पुष्कळ आहे: ज्याला आपण 'संपला' म्हणतो त्याच्यातले सगळेच संपलेले नसते. काय संपले आणि काय शिल्लक आहे, हे जागा बदलून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इथून प्रश्न विज्ञानाचा राहत नाही, नीतीचा होतो. तो तीन बाजूंनी आमच्या अंगावर आला.

पहिली बाजू आयुष्य वाढवण्याची. हॅरिसन यांचा पुढचा प्रवास तिकडेच गेला. २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून जाहीर केले की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या उंदरांना रॅपामायसिन हे औषध दिल्यावर माद्यांचे कमाल आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी वाढले. हे औषध मुळात ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले आणि ते शोधणाऱ्यांत भारतातून कॅनडात गेलेले सुरेंद्रनाथ सहगल हे मुख्य होते. आज जगातले धनिक अशा औषधांच्या शोधात पैसा ओतत आहेत. आमच्याकडे दुआ देताना 'उम्र दराज हो' म्हणतात, त्यामुळे दीर्घायुष्याच्या इच्छेला आम्ही कसे हसावे? पण आमचा सवाल असा की शंभरचे सव्वाशे होण्याआधी तुर्भ्यातल्या पंचेचाळीसचे पंचेचाळीसच दिसावेत, याला कोणते औषध आहे? ते औषध उंदरावर तपासावे लागत नाही. गोणीचे वजन कमी करणे, खाणीत धूळ बसवायला पाणी मारणे, बदलीच्या हमालाची नोंद करणे, गरोदर बाईच्या जेवणात लोह असणे, एवढीच त्याची मात्रा आहे.

मोहल्ल्यात हे बोलल्यावर एका बुजुर्गांनी आम्हाला टोकले, "उम्र अल्लाह के हाथ में है, मास्टर." आम्हीही तेच मानतो. पण गोणीचे वजन माणसाच्या हातात आहे. जे आपल्या हातात होते तेही त्याच्या हातात ढकलून मोकळे होणे, याला आम्ही तवक्कल म्हणत नाही, कामचुकारपणा म्हणतो.

दुसरी बाजू उलट्या धोक्याची. उद्या तोच मुकादम हे वाचून म्हणेल, म्हातारी मज्जा चालते ना, मग म्हातारा हमालही चालेल, चढवा गोणी! सत्तरीतही ज्यांना पोटासाठी हातगाडी ओढावी लागते, त्यांना 'तुमच्यात अजून दम आहे' असे सांगणे हा क्रूर विनोद होईल. म्हणून प्रयोगात नेमके काय केले ते विसरता कामा नये. हॅरिसन यांनी म्हाताऱ्या उंदराला चाबूक मारून पळवले नाही. त्याच्यात जे शिल्लक होते, त्याला अशी जागा दिली जिथे त्याची गरज होती. ओझे देणे वेगळे आणि जागा देणे वेगळे. मुकादमाने तीस वर्षे फक्त ओझे दिले. आम्ही ओझे काढून घेतले आणि त्याबरोबर जागाही काढून घेतली. दोघांच्याही हिशेबात अब्बा म्हणजे पाठ होती. पाठ गेली तेव्हा त्याच्या लेखी मजूर गेला, आणि आमच्या लेखी उरला तो फक्त आदर करण्याजोगा एक आजारी माणूस.

तिसरी बाजू उंदराची. ती आम्हाला सर्वांत अवघड वाटते. रक्तक्षयाचे पिल्लू निसर्गात जन्मते आणि मरून जाते, पण प्रयोगशाळेत ते मुद्दाम, पिढ्यान् पिढ्या, आजारी जन्माला घातले जाते. हा हक्क आपल्याला कुणी दिला? लहानपणी बकरी ईदच्या आदल्या दिवशी अब्बा आम्हाला बजावत: जनावराला पाणी पाजा, त्याच्यासमोर सुरीला धार लावू नका, एकासमोर दुसरे कापू नका. जीव घेण्याची परवानगी आणि जिवाशी कसेही वागण्याची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या अंगणात शिकलो. विज्ञानानेही हे उशिरा का होईना ओळखले. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी (यातले रसेल वेगळे) तीन नियम मांडले: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमीत कमी करा. आपल्या देशात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. नियम चांगले आहेत. तरी कर्ज उरतेच. आमच्या मते ते फेडण्याचा एकच मार्ग आहे: त्या जिवाच्या मोलाने जे कळले ते फुकट जाऊ न देणे. उंदराने आयुष्य देऊन सांगावे की म्हाताऱ्यात शिल्लक असते, आणि आपण घरातल्या म्हाताऱ्याला खिडकीपाशी बसवून ठेवावे, ही त्या उंदराशीही बेइमानी आहे.

अब्बांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. चमत्कार काही झाला नाही. गल्लीतल्या एका भाजीवाल्या पोराने घाऊकचा धंदा नवाच सुरू केला होता आणि कांद्यात दोनदा फसला होता. आम्ही अब्बांना विचारले, त्याच्याबरोबर पहाटे जाल का? उचलायचे काही नाही, फक्त बघायचे. अब्बांनी आधी आमच्याकडे संशयाने पाहिले. दुसऱ्या पहाटे आम्ही उठलो तेव्हा खाट रिकामी होती. हाताने गोणी दाबून, वास घेऊन, आतला कांदा कुठे कुजला आहे हे ते सांगतात. तीस वर्षे पाठीवर वाहिलेले त्यांच्या बोटांत उतरले होते आणि ते आम्हाला ठाऊकच नव्हते. गुडघे तसेच दुखतात. जिना चढताना दोनदा थांबतात. हिमोग्लोबिनचा आकडा आहे तेवढाच आहे. पण संध्याकाळी जेवताना बाजारातल्या लोकांना शिव्या देतात, आणि अम्मी म्हणते, अब ठीक लगते हैं. उंदरावरून माणसाचे काही सिद्ध होत नाही, आणि एका अब्बांवरून सगळ्या बापांचे तर मुळीच नाही. आम्ही फक्त घडले ते सांगितले.

सहामाहीनंतर आम्ही त्या मुलाला वर्गात उभे केले. सांगितले, तुझा प्रश्न आम्ही टाळला होता, आज उत्तर देतो. मग बार हार्बरची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या उंदराची मज्जा, आजारी पिल्लू, ७३ महिने. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. उत्तर संपवताना आम्ही म्हणालो की माणूस थोडा आतून म्हातारा होतो आणि बराचसा बाहेरून केला जातो. पहिल्यावर शास्त्रज्ञ काम करत आहेत, दुसरे आपले काम आहे.

मुलगा बसला नाही.

"सर, और वो चूहा? जिसका खून निकाला, वो पहलेवाला?"

"वो मर गया, बेटा."

"उसका नाम क्या था?"

आम्ही सांगितले, प्रयोगशाळेत नाव नसते, क्रमांक असतो. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि मग म्हणाला, "मार्केट में अब्बू का भी नंबर है, सर." घंटा झाली, पण वर्गातून कुणी उठले नाही.